पेवात विझलेला चार्जिंगचा लाईट

आधीच सांगते, मी जालन्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. कुणाच्या अंगात आलं की मी आधी नाडी बघते, मग पाणी पाजते. हॉस्टेलच्या पोरी भुताच्या गोष्टी सांगत असल्या तर मला बघून गप्प होतात... त्यामुळे हे इथे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले होते. गाव घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीपासून थोडं आत. घरी दादा आणि वहिनी. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कोरोनात गेले. ऑक्सिमीटरवरचा आकडा बघून मला घाम फुटला होता आणि ते मात्र खुशाल कापसाबद्दल बोलत होते. रक्तातला ऑक्सिजन घसरत जातो, पण माणसाला धाप लागत नाही, तो गप्पा मारत राहतो — याला ‘हॅपी हायपॉक्सिया’ म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याला एकदा आमच्या घरी आणून बसवावं असं मला फार वाटतं.

तर त्या सकाळी मी ओसरीवर उत्तरपत्रिका तपासत होते. पोरींनी नेहमीप्रमाणे नावांची खिचडी करून ठेवली होती. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की हायपॉक्सेमिया. शरीरातल्या पेशींना पुरेनासा झाला की हायपॉक्सिया. अजिबातच मिळेना तर अनॉक्सिया. आणि श्वास कोंडून ऑक्सिजन घटला, वर कार्बन डायऑक्साइडही साठला, की अस्फिक्सिया. इतकं सोपं आहे! मी चिडून मोठ्याने बडबडत होते.

“येवढी नावं कशाला लागतात गं?” दादा अंगणातून म्हणाला. “दम कोंडला म्हनावं, झालं.”

“नाव चुकलं की उपचार चुकतो.”

“बरं बाई, तू नावं शिकव. मला पेव बुजवायचंय.”

पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र मोठ्या रांजणासारखा फुगत गेलेला. आमचं पेव अंगणातच होतं. कित्येक वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. दादाला तिथे ट्रॅक्टर उभा करायचा होता, म्हणून मुरूम टाकून भरायचं ठरलं. पण तळाला कडबा आणि सडकी ज्वारी राहिलेली. ती काढली नाही तर जमीन खचणार, म्हणून दादा स्वतः उतरणार होता. वरची शिळा त्याने सकाळीच सरकवली होती.

अण्णांचा एक नियम होता. पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. खाली ऑक्सिजन नसेल तर ज्योत जळत नाही, साधी गोष्ट. पण आता रॉकेल कुठे मिळतं? कंदील गंजून पडलेला. मग आमच्या दादाने काय करावं... चार्जिंगचा एलईडी लाईट दोरीला बांधून सोडला! नियम पाळल्याचं समाधान. त्या लाईटला ऑक्सिजन असला काय, नसला काय, सारखंच. माझं डोकं उत्तरपत्रिकांत होतं, मला हे दिसलंच नाही.

“विझला की!” दादा म्हणाला.

दोरी ओढली तर लाईट वर येता येता आपोआप लागला. त्याने थापटून पुन्हा सोडला. पुन्हा विझला. वर घेतला, लागला.

“लूज हाय वाटतं,” दादा म्हणाला. “जाऊ दे, मोबाईलची बॅटरी लावून उतरतो. धर गं शिडी.”

वहिनीने शिडी धरली. ‘विझला’ हा शब्द माझ्या कानात शिरून बसला होता. मी डोकं वर केलं तर दादाचा एक पाय पेवात. मी जी ओरडले! उत्तरपत्रिका अंगणभर झाल्या.

“काय झालं? इच्चू निगाला का?” दादा बाहेर येत म्हणाला.

जवळ जाऊन बघते तर काय, दोरीला एलईडी. क्षणभर मलाच हसू आलं. हा कशाला विझेल? आणि लगेच लक्षात आलं. म्हणजे खरी परीक्षा झालेलीच नव्हती. मी डब्यात तेल घालून कापडाची वात पेटवली आणि त्याच दोरीने सोडली. लाईट किती खोलीवर विझायचा ते दादाने दोरीवर दाखवलं होतं. वात बरोबर त्याच जागी विझली. धूर वर आला नाही, तिथेच तरंगत राहिला.

मी खालीच बसले. दादा पडला असता तर त्याला काढायला वहिनी उतरली असती आणि तिच्यामागे मी. असंच होतं, अशा खड्ड्यांत एकामागे एक माणसं जातात.

चहा झाल्यावर दादाने हळूच विचारलं, “मंग मला त्यातलं कोणतं झालं असतं?”

मी वर्गातल्यासारखी सुरू झाले. “आधी रक्तातला ऑक्सिजन पडला असता. मग मेंदूला पुरला नसता. मग...” आणि मी कपबशा गोळा करायला लागले.

“ऱ्हाऊ द्या ताई,” वहिनी म्हणाली. “अण्णांनीच इझवला तो लाईट. दुसरं कोन हाय?”

दादा उठला आणि तोंड धुवून आला.

पेव काही दिवस उघडं ठेवलं, फॅन लावून हवा मारली. मग वात तळापर्यंत जळत गेली. तेव्हा एलईडी सोडून बघितला, तोही लख्ख लागलेला. मी तो आपटला, फ्रीजमध्ये ठेवला, वाफेवर धरला, तरी विझला नाही. तीर्थपुरीच्या इलेक्ट्रिशियनने उघडून बघितला. म्हणाला, “मॅडम, बिलकुल ओके आहे.” लूज कनेक्शन असेल म्हणावं, तर ते दोन्ही वेळा त्याच खोलीवर कसं सुटलं?

वहिनीचं मी मान्य करत नाही. तिला खोटंही म्हणवत नाही. इथे कुणी फिजिक्सवाले असतील तर जरूर सांगा, मला खरंच ऐकायचंय. पण घाई नाही. कारण सापडलं नाही तरी चालेल... दादा आहे. परवाच फोन करून म्हणत होता, पेव बुजवलं तरी ट्रॅक्टरला जागा कमी पडून राह्यली.