पुंजारामची सरपणगाडी

पुंजाराम नागापूरच्या एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं वेल्डर होता. निवृत्त होऊन तो संगमनेर तालुक्यातल्या आपल्या वस्तीवर आला, तो दोन गोष्टी घेऊन: एक जुनं वेल्डिंग मशीन आणि कुणाचं न ऐकण्याची खोड. खोड आधीपासूनच होती म्हणा.

त्याची बायको गोजरबाई नाशिक-पुणे रस्त्यावरच्या एका ढाब्याला रोज शंभर भाकरी करून द्यायची, त्याही चुलीवरच्या. गॅसवरच्या भाकरीला गिऱ्हाईक नाक मुरडायचं. ओढ्यातली वेडी बाभूळ तोडायची, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन चढ चढायचा, हे तिचं तीस वर्षं चाललेलं. गेल्या दिवाळीत तिचा डावा हात बधिर पडला. डॉक्टरांनी सांगितलं, मानेचे मणके झिजलेत, आता डोक्यावर पाण्याची कळशीसुद्धा घ्यायची नाही.

"मंग भाकरी बंद," घरी आल्यावर ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. ढाब्यावर लोक विचारायचे, भाकरी कुणाच्या हातची? तेव्हा तिचं नाव सांगितलं जायचं. आयुष्यात एवढं एकच काम तिच्या नावावर होतं आणि ते जाताना पुंजारामला बघवेना. त्यानं स्वतः एक मोळी आणून पाहिली. दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली, आणि दोघांना शेकायला घरात तिसरं कुणी नव्हतं.

मग तो भंगाराच्या दुकानात दिसू लागला. जुन्या एम-एटी दुचाकीचं इंजिन, मोटारसायकलची तीन चाकं, गंजके अँगल. दीड महिना अंगणात ठिणग्या उडत होत्या. शेजारच्या आप्पासाहेबांनी कुंपणावरून विचारलं, "पुंजाराम, इमान कवा उडायचं?"

"तुमी बसनार आसाल तर उद्याच," तो मान वर न करता म्हणाला.

गाडी मात्र देखणी झाली. जोड असे, की नख फिरवलं तरी अडकू नये. माणसाच्या हातात कसब असलं की भंगारालाही अब्रू येते. गोजरबाईला मात्र तिच्यात बसायची लाज. "खटाऱ्यात बसून मिरवू व्हय? मी आपली मागनं चालत येते," असं तिचं ठरलं होतं.

पहिल्या दिवशी सरपण भरून गाडी ओढ्यातून निघाली. अर्ध्या चढावर पुढचं चाक हवेत उठलं, गाडी मागं कलली आणि अर्धं सरपण घरंगळत पुन्हा ओढ्यात गेलं. बैलगाडी भरताना शेंबडं पोरगंही आधी बघतं, ती मागं कलून उलाळ होते की पुढं भार पडून धुरजड. कारखान्याच्या सपाट फरशीवर अठ्ठावीस वर्षं काढलेला हा शेतकऱ्याचा पोर नेमकं तेवढंच विसरला होता. आप्पासाहेब बांधावरच उभे होते. हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

पुंजाराम कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "म्होरं पन्नास किलो लोखंड जोडतो."

"रिकामी जाताना बी त्ये लोखंड वडायचं?" गोजरबाई म्हणाली. ओझं कसं तोलायचं हे तिला शिकवायची गरज नव्हती. "बुंधे म्होरल्या अंगाला घाला. आन् लोखंडापरीस मीच बसते म्होरं."

त्यानं त्याच दुपारी हँडलशेजारी तिच्यासाठी पाठीला टेकू असलेली बैठक जोडली. तीनदा माप घेतलं. संध्याकाळी ओढ्यात सरपण पुन्हा भरल्यावर पदर खोचून ती पुढं बसली. इंजिन धापा टाकत होतं, पण पुढचं चाक जमिनीला धरून राहिलं. मधल्या वळणावर तिनं हातानं थांबायची खूण केली. मान दुखली की काय म्हणून पुंजारामनं करकचून ब्रेक दाबला.

ती वर बघत होती. "अवो, आपलं घर हितनं दिसतंय व्हय?" ती म्हणाली. "तीस वरसं ह्यो चढ चढले, पर नुसती पायाखालचा धोंडा बघत."

 पुंजारामनं इंजिन बंद केलं, चाकाखाली दगड लावला, आणि तिचं बघून होईपर्यंत तो तसाच शेजारी उभा राहिला.