पहिल्या स्लाईडवरचा फोटो

लेकीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एकट्या म्हाताऱ्यांकडे गप्पा मारायला माणसं पाठवणारी कंपनी ती काढते आहे, आणि उद्या तिला ती गुंतवणूकदारांच्या गळी उतरवायची आहे. पहिल्याच स्लाईडवर ठळक अक्षरांत 'समस्या' असं लिहिलं होतं आणि खाली मी होतो, चहाचा कप धरून बसलेला.

"बाबा, सुरुवातीलाच काळजाला हात घालायला हवा ना!"

"छान झालंय," मी म्हणालो.

एकटेपण विकायला काढायचं, तर ते नुसतं असून भागत नसावं. आधी नीट बेतावं लागत असेल. फोटो गेल्या दिवाळीतला, ती घरी आली होती तेव्हाचा. टेबलावर तेव्हा दोन कप होते. तिचा कप तिने सफाईने कापून टाकला होता.