नानांनी दिलेली हमी

मोकळ्या रानात उभं राहून स्टीलचं ताट चमच्यानं बडवणारा सरकारी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कोर्टाचे बेलीफ नाना. जमिनीवर जप्ती आली की तिचा हुकूम ढोल वाजवून किंवा रूढ असेल त्या रीतीनं जाहीर करावा, असं दिवाणी कायद्यात लिहिलं आहे आणि ते अजून कुणी खोडलेलं नाही. नाना वाडीपर्यंत चालत जात. हलगीवाला मिळाला नाही तर पिशवीतून ताट काढत, तीनदा बडवत आणि हुकूम पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचत. ऐकायला बहुधा शेळ्याच असत. एकदा मी बरोबर होतो. म्हटलं, "नाना, शेळ्यांना काय कळतंय?"

"वकीलसाहेब, कुणाला कळलं पायजे असं कलमात न्हाई. वाजलं पायजे, एवढंच हाय."

मी सांगलीहून मेढ्याच्या बाजूला वकिली करायला आलो तेव्हा माझ्याकडे काळा कोट होता आणि पक्षकार नव्हते. त्यामुळे नानांबरोबर हिंडायला वेळ भरपूर होता. कायद्याच्या राज्यावरची भाषणं मी शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांत पुष्कळ ऐकली. बोलणारे बहुतेक जण त्या राज्यात पाहुण्यासारखे राहत. मनापासून प्रजा होऊन राहणारा माणूस मला नानांच्या रूपातच भेटला.

आपल्याकडे दारू प्यायला परवाना लागतो, हे दारू पिणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. नाना महिन्यातून एका शनिवारी थोडी घेत, आणि घेण्याआधी खिशातला परवाना काढून टेबलावर ठेवत. नवा वेटर असला तर घाबरून मालकाला बोलवायचा. त्याला वाटायचं, धाड पडली. काकू, म्हणजे नानांची बायको, यावर म्हणायच्या, "ह्यास्नी प्यायला बी दाखला लागतो. माज्या बापाकडं पोरीचा दाखला मागितला न्हाई, तेवढं नशीब."

अशा जुन्या कायद्यांना नाना स्वतःही हसत. पण रद्द झाल्याचं राजपत्रात येईपर्यंत पाळत. मी त्याला तेव्हा गंमत समजत होतो.

नाना निवृत्त झाले तोवर काकूंचे गुडघे गेले होते. त्यांचं घर जुन्या पद्धतीचं, संडास अंगणापलीकडे गोठ्यामागं. जावळीच्या पावसात ते अंगण म्हणजे शेवाळलेल्या दगडांची उतरण. पावसाळ्यात काकू दुपारनंतर पाणी प्यायच्या नाहीत, जायला लागू नये म्हणून. हे कळल्यावर नानांनी घराला लागूनच संडास-न्हाणीघर बांधायला काढलं. थंडीत पाया खणायला सुरुवात झाली आणि दुसऱ्या दिवशी पहारीखाली गाडगं फुटलं. आत शिवराया, म्हणजे तांब्याची जुनी नाणी, हिरव्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

गवंडी म्हणाला, "नाना, झाकू का परत?"

काकू ओट्यावरूनच म्हणाल्या, "आवं, झाका की. कुनी बगितलंय?"

"मी बगितलंय," नाना म्हणाले.

दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही जमिनीत पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं, असा इंग्रजांच्या काळचा कायदा आहे. दहा रुपयांत तेव्हा काय काय येत होतं कोण जाणे. आता एक चहाही नीट येत नाही. आकडा मात्र तोच राहिला आहे. मी नानांना सांगितलं, "देवळात नेऊन ठेवा आणि विसरा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी वकिलीची सनद मलाच खोटी वाटली.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. सुरेख अक्षर, एकही खाडाखोड नाही. शेवटची ओळ अशी होती : 'चौकशीचा निकाल लागेपर्यंत सदर जागेस अर्जदार हात लावणार नाही, अशी हमी देतो.' उभा जन्म कोर्टाचे कागद पोचवलेल्या माणसाला हमीशिवाय अर्ज उघडा वाटतो. त्यांनी तो मला वाचायला दिला. मी वाचला आणि अक्षराचं कौतुक केलं.

शिवराया पोचपावती देऊन सरकारजमा झाल्या. गवंडी दुसऱ्या कामावर गेला. खणलेल्या पायावर नानांनी निळा कागद अंथरला आणि कडेला दगड ठेवले. आता काकूंना त्या चराला वळसा घालून जावं लागे, म्हणजे वाट आणखी लांबली. पावसाळा लागला तरी चौकशी कागदावरच होती. नाना एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातानं काकूंचा दंड धरून त्यांना नेत, बाहेर पाठ करून उभे राहत आणि परत आणत. काकू म्हणायच्या, "सरकारी बंदोबस्त हाय मला. आमदारीण झाले मी." शेजारणी हसायच्या. नाना हसायचे नाहीत.

श्रावणात एका सकाळी नाना अर्जाचं काय झालं ते विचारायला सातारला गेले. काकू अंगणातून एकट्याच निघाल्या आणि घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उठल्या नाहीत. मी भेटायला गेलो की विचारायच्या, "लागला का वो निकाल?" मी म्हणायचो, "लागेल, काकू." दिवाळीच्या आधी त्या गेल्या.

निकाल पुढच्या उन्हाळ्यात लागला. मी नानांबरोबर कचेरीत गेलो होतो. शिवरायांवर दावा सांगायला कुणी आलं नव्हतं. तिथला तरुण अधिकारी भला होता. कागद पुढं सरकवत त्यानं सहज विचारलं, "बांधकाम झालं का पुरं?"

"निकाल न्हवता ना लागला," नाना म्हणाले.

"पण वस्तू तर आमच्याकडे होती. जागेला कुणी अडवलं होतं?"

नानांनी फाईलकडे बोट दाखवलं. अधिकाऱ्यानं फाईल उलटी फिरवून अर्ज काढला, शेवटची ओळ वाचली आणि म्हणाला, "हे तुम्हीच लिहिलंय, आजोबा. कायद्यात असं काही नाही. आम्हीही मागितलं नव्हतं."

नानांनी अर्ज हातात घेतला आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली. ज्या माणसाला कलमं तोंडपाठ होती, त्यानं हे कलम कधी शोधलंच नव्हतं. मीही नाही, आणि मी तर त्याचंच शिक्षण घेतलं होतं. त्यांनी जिथं सांगितली तिथं सही केली. आम्ही एसटीनं मेढ्याला परतलो. उतरताना म्हणाले, "मसुदा माजाच व्हता, वकीलसाहेब. तुमी मनाला लावून घिऊ नका." मला माफ करायचा त्यांना अधिकार होता, पण त्यांनी मला दोषच दिला नव्हता.

पंधरा दिवसांत त्यांनी बांधकाम पुरं केलं. घसरणार नाही अशी खरखरीत फरशी घातली. कमोड बसवला आणि भिंतीला धरायला नळीचा दांडा लावून घेतला. गवंड्यानं तो जरा वर धरला, तर नाना म्हणाले, "खाली घे. तिचा हात एवढा वर जात न्हाई." गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दांडा खाली घेतला.

त्यानंतर नाना दीड वर्ष होते. शेवटच्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा ते छत्री घेऊन अंगणातून गोठ्यामागं निघाले होते. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून कडी होती. "नाना, घराला लागून आहे की," मी म्हटलं, "पाय घसरेल."

"ते तिच्या नावानं बांदलंय," ते म्हणाले, आणि दगडांवर पाय चाचपत पुढं गेले.