बंबवाल्या तात्यांचं औषध

आमच्या परळच्या गिरणीतले बंबवाले तात्या आगीबद्दल शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलायचे: थोडा राग, बरीचशी कदर. गिरणीत आग लागू न देणं आणि लागलीच तर विझवणं ही त्यांची नोकरी. पण ‘विझवणं’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता; ते ‘साखळी तोडणं’ म्हणत.

“विजेच्या आगीक पाणी चलत नाय,” ते आम्हा सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातल्या बायकांना शिकवत. “थंय ह्या औषध मारूचा. ज्वाळेत एक कण दुसऱ्याक पेटवता, दुसरो तिसऱ्याक. औषध मधल्याचो हात धरता. साखळी तुटली, आग खलास.” औषध म्हणजे पितळी हातपंपातलं गोडसर वासाचं पातळ रसायन. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मोर्च्यातून कुणाला उचलल्याचं कळलं की तात्या शांतपणे म्हणत, “पोलिसांक पण ही विद्या ठाऊक आसा.”

दर शनिवारी ते प्रत्येक पंप कानाशी धरून हलवत. आत डचमळलं की औषध चोरीला गेलं. त्याने कपड्यांवरचे तेलकट डाग निघत, आणि गिरणीत तेलकट डाग कुणाला नव्हते? पण चोरांनाही अक्कल होती. जेवढं काढलं तेवढं पाणी घालायचं. भरलेला पंप वाजत नाही. हे मला ठाऊक आहे, कारण मोर्च्याला नेसायच्या लुगड्यावरच्या डागासाठी मीही वाटीभर औषध काढलं आणि वाटीभर पाणी घातलं.

आठवड्याभरात विजेच्या खोलीतला बोर्ड पेटला. तात्यांनी नेमका तोच पंप उचलला. आधी औषध आलं, मग पाणी. ठिणग्या उडाल्या. जळलेलं औषध विषारी, एक पंप मारून बाहेर पडायचं, हा त्यांचाच नियम. त्या दिवशी दुसरा पंप घेऊन ते त्या धुरात पुन्हा शिरले. भिंतीपलीकडे आम्ही चाळीस जणी होतो.

आग गेली. तात्यांची छाती कायमची बिघडली. पंप न तपासल्याचा ठपकाही साहेबांनी त्यांच्यावरच ठेवला. त्यांनी मुकाट सही केली. मी गप्प बसले. त्याची लाज आजही वाटते.

ते कायमचे गावी निघाले, त्याच्या आदल्या दिवशी मी लालबागला त्यांच्या खोलीवर गेले. सगळं सांगितलं, रडले. ते बराच वेळ खोकत राहिले.

“माका ठाऊक होता गो बाय,” ते म्हणाले. “डाग गेलो काय?”

“गेला,” मी म्हणाले.

गेला नव्हता. तो तेलाचा नव्हताच, गंजाचा होता.