आवराबाईचा बांध

गावात तिला सगळे आवराबाई म्हणायचे. पाहुण्याने चहाचा शेवटचा घोट घ्यायचा अवकाश, कप विसळून पालथा! नवरा अगदी दुसरं टोक. त्याने आयुष्यात कशाचीच घाई केली नाही. लग्नालासुद्धा तो उशिराच पोचला होता.

ओढ्याला पूर आला आणि त्यांच्या शेतात वाळू, ओंडके आणि कुणाच्या तरी कुंपणाची तार टाकून गेला. जाताना खालच्या अंगाचा बांध फोडून गेला. तो बांध उभा राहिला नाही, तर पुढच्या पुरात उरलीसुरली मातीही जाणार होती. शेताच्या डागडुजीला सरकारी मदत मिळते म्हणून तिने अर्ज केला. उत्तर आलं : मंगळवारी पाहणीला येत आहोत.

कुणी येतंय म्हटल्यावर बाईने कंबर कसली. पत्राची मागची बाजू वाचायला वेळ होता कुणाला? आठ दिवसांत वरचं शेत तिने लख्ख केलं. वाळू मागेल त्याला दिली, ओंडक्यांचं सरपण केलं. खालची बांधाची बाजू नवऱ्याला नेमून दिली. तो रोज फावडं घेऊन जायचा आणि एका ओंडक्यावर बसून परत यायचा.

मंगळवारी मोजपट्टी घेऊन मॅडम आल्या.

"काकू, नुकसान कुठाय?"

"तुम्ही येणार म्हणून आवरलं की!"

मॅडमनी पत्र उलटवून दाखवलं. 'पाहणीपूर्वी कशालाही हात लावू नये.' दिसेल तेवढंच लिहायचं, असा नियम. वरच्या शेताच्या मदतीवर फुली पडली. आवराबाईचा चेहरा पडला. आता बांधही गेला, असं मनाशी धरूनच ती खाली उतरली.

तिथे सगळं जसंच्या तसं, आणि ओंडक्यावर नवरा बसलेला. पाटीभर वाळूही हललेली नव्हती.

"वा काका! नियम अगदी नीट वाचलात."

"वाचून येत नाही ते," काका म्हणाले. "अंगात असावं लागतं."

आवराबाईला राग आला होता, पण हसू आवरेना.

बांध मंजूर होणार होता. फक्त लेखी पत्र येईपर्यंत काम सुरू करायचं नाही, असं मॅडमनी बजावलं. पसारा डोळ्यांसमोर आणि हात लावायची बंदी! दोन दिवस तिला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी नवरा ओंडक्यावर जरा सरकला.

"बस गं. सरकारी हुकूम आहे."

रिकामे हात मांडीवर कसे ठेवायचे, इथपासून तिची सुरुवात होती. पण मग दोघं रोज बसू लागली, बोलू लागली. एकतीस वर्षांच्या संसारात इतकं बोलणं झालं नव्हतं, आणि तिला ते फार आवडलं.

बाविसाव्या दिवशी मंजुरी आली. कधी नव्हे तो नवराच फावडं घेऊन उठला.

"अहो," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "हा ओंडकाही काढावा लागणार का?"

"लागेलच की."

"मग आजचा दिवस बसा."

तो बसला.