येतो म्हण

स्वीडनहून संशोधनाला आलेला तो मराठी माणूस डिसेंबरभर माझ्या टॅक्सीत बसायचा. दोहाच्या थंडीत मी कानटोपी घालायचो आणि हा बावळट हाफ शर्टात घामाघूम. समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या तान्ह्या पोरासारख्या मांडीवर घ्यायचा. काम संपेना म्हणून त्यानं दोनदा तिकीट पुढं ढकललं. तिकडे ख्रिसमसला वाट बघणारी लेक रडून बेजार.

शेवटी विमानतळावर उतरला. फोनवर लेक होतीच.

"काका, जातो."

"जातो काय? येतो म्हण!"

"हळू! तिला मराठी कळतं. 'येतो' ऐकलं तर परत इथं कामावर येणार असं वाटेल तिला."

मी चौथी नापास, पण 'जातो' म्हणणाऱ्याला आजवर सोडलेलं नाही. फोनवर पंजा दाबून म्हटलं, "आता बोल."

बोलला. मगच मी डिकी उघडली.