एकाच ताग्यातलं

माझे काका शिंपी. बारा वर्षांपूर्वी त्यांनी आपली एक किडनी माझ्या बाबांना दिली. टाके निघाले तेव्हा आरशात व्रण निरखत म्हणाले होते, "याहून बरं तर मी काज करतो!" बाबा स्वतःचे टाके धरून हसले होते.

पाच वर्षांनी ती किडनी निकामी होऊन बाबा गेले. तेव्हापासून काका तब्येतीला इतके जपतात, की काकू चिडवते, "शेजाऱ्याची वस्तू सांभाळताय जणू!" मीठ कमी, सकाळचं फिरणं, मशीनशेजारी पाण्याची बाटली, वर्षाला रक्त-लघवीची तपासणी. मध्येच मशीन थांबवून रिकाम्या डाव्या कुशीवर हात ठेवतात, कुणी हाक मारल्यासारखे. मला ते बघवत नाही.

वाकून वाकून मान आखडते, पण अंगदुखीच्या गोळीला ते शिवत नाहीत. पूर्वी टेबलाच्या खणात, खडूच्या डबीशेजारी त्या गोळ्यांचं पाकीट असायचं. पाठ धरली की कारागीर सर्रास तोंडात टाकायचे. बाबांची कंबर दुखली तेव्हा काकांनी त्यांनाही दोन दिल्या. बदललेल्या किडनीमुळे बाबांना नेमकी तीच गोळी वर्ज्य होती, हे फार उशिरा कळलं. काका आता तो खण उघडत नाहीत. खडू खिशात ठेवतात.

काल त्यांचा रिपोर्ट आणायला मी सोबत होते. सगळं उत्तम. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि काकांचा चेहरा उतरला. दुकानात आल्यावर रिपोर्टची घडी घालत म्हणाले, "एकाच ताग्यातलं कापड होतं, पोरी. इकडचा तुकडा अजून धडधाकट आहे. म्हणजे खोट कापडात नव्हती."

मी सात वर्षं गिळून ठेवलेलं बाहेर पडलं. "काका, तुमच्या दोन गोळ्यांचं काय घेऊन बसलात? बाबा दर आठवड्याला मला औषधाच्या दुकानात पाठवायचे. त्याच गोळ्या आणायला. कुणाला सांगू नकोस म्हणायचे. मी आणून द्यायचे."

काकांनी टेबलावरची चिंधी बाजूला सारली. मग उठले आणि तो खण ओढला. फुगून घट्ट झाला होता, दोन हिसके द्यावे लागले. पिवळं पडलेलं पाकीट त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

"सगळ्या यातल्याच होत्या. मीच दिल्या," ते म्हणाले. "तू तेव्हा अकरा वर्षांची. तुला काय आठवतंय!"

आणि झाकण काढून बाटली माझ्या हातात दिली. "पाणी पी."